देवमन पेंटरचं तळं

पडदा वर जातो. उजव्या अंगानं सकाळचं पिवळं ऊन आत येतं आहे. मध्यभागी पत्र्याचं लांबट गोदाम. अमरावतीत राजापेठेच्या मागे होतं ते, पूर्वी तिथं सरकीची पोती ठेवत. जमिनीवर मांजरपाटाचं चोवीस फुटी कापड अंथरलेलं, चारी कोपऱ्यांवर विटा. डाव्या हाताला तीन विटांची चूल, चुलीवर सरसाचं पातेलं, आणि त्या पातेल्याचा असा वास की नवखा माणूस दारातूनच परत फिरावा. पातेल्यापाशी मैना बसली आहे, हातात ढवळायची काडी. आणि कापडाच्या मधोमध, अनवाणी, बांबूला बांधलेला ब्रश घेऊन उभा आहे तिचा नवरा, देवमन तायडे.

साल एकोणीसशे एकोणसाठ, महिना आश्विन. मी तेव्हा अमरावतीच्या एका नाटक मंडळीत कामं करत होतो, सगळे मला मास्तर म्हणत. प्रेक्षकांनी आम्हां नटांना पुष्कळ दिलं. पण खरं सांगायचं तर कितीतरी वेळा पडदा उघडताच टाळी पडायची, ती आमच्या पाठीमागच्या जंगलाला असायची, आणि आम्ही मान लववून ती आपल्या खिशात टाकायचो. ते जंगल देवमनचं असे. राजवाडा देवमनचा, रस्ता देवमनचा, तुरुंगही त्याचाच.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात मात्र खाली पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘पेंटर उत्तमराव, अमरावती’. त्या धंद्याची रीतच तशी. काम ज्यानं घेतलं, नाव त्याचं, रंगवलं कोणी ते कोणी विचारायचं नाही. उत्तमराव हे देवमनचे मालक. त्यांनीच त्याला चौदाव्या वर्षी चांदूर रेल्वेकडच्या खेड्यातून आणून ब्रश धुवायला बसवलं होतं. माणूस तोंडाचा फाटका, मनाचा वाईट नाही. पण पाच वर्षांपासून त्यांचा हात थरथरत होता. सगळं देवमन रंगवायचा, आणि शेवटी उत्तमराव उजवा हात डाव्या हातानं धरून तेवढं नाव टाकायचे. हे साऱ्या अमरावतीला ठाऊक होतं.

देवमन याबद्दल कधी बोलला नाही. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला तो आणि मैना नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, पुढं मुलगा झाला, त्याचं नाव धर्मपाल ठेवलं. तेव्हापासून एक बदल माझ्या लक्षात आला होता. मंडळीच्या कुठल्याही कागदावर सही करताना तो आता वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहायचा, देवमन पुंजाजी तायडे. हळूहळू, एकेक अक्षर जपून. मागे रांग लागली तरी लिहायचा.

त्या वर्षी अकोल्यात एक नवं नाट्यगृह उभं राहत होतं. त्याच्या रंगमंचावरच्या मागच्या पडद्यावर डोंगरातलं तळं हवं, असं कमिटीचं म्हणणं. उत्तमरावांनी देवमनला एक कॅलेंडर दिलं. बर्फाची शिखरं, राजहंस, गुलाबी कमळं. त्यावरून देवमननं हातभर कापडावर नमुना काढून दिला. कमिटीचे प्रमुख गोपाळकृष्ण वकील. त्यांनी नमुना उजेडात धरला, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, “पेंटर, हंस चांगले आहेत. पण आमचा प्रेक्षक तिकीट काढून अकोल्यातच बसणार आहे. आपल्या सातपुड्यातलं तळं काढा.”

गोदामात परत आल्यावर उत्तमराव म्हणाले, “डोंगर हिरवे कर, हंस खोड. झालं सातपुड्याचं.”

“मले पाह्यल्याशिवाय नाही जमनार, मालक.”

“काय पाहायचं त्याच्यात? पानी हाय. निळं दे, वरून पांढरे फराटे मार.”

“विहीर पाह्यली, नदी पाह्यली. डोंगरातलं तळं नाही पाह्यलं कधी.”

“राजवाडे कुठं पाह्यले होते? काढले ना बारा.”

“राजवाडा पाहनाऱ्यांनीबी नव्हता पाह्यला,” देवमन म्हणाला. “म्हनून चालून गेला.”

मी हसलो. उत्तमराव हसले नाहीत. ते पायरीवर बसले, त्यांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, “ठीक हाय. तुह्या मनानं काढ. कमिटीनं पास केला त कोपऱ्यात तुहं नाव टाक, मी चकार शब्द बोलनार नाही. आन् नापास झाला त इथून पुढं पडद्याले हात लावायचा नाही. दुकानाच्या पाट्या रंगवायच्या. जन्मभर. कबूल?”

देवमन ब्रशाच्या बांबूवरचा वाळका रंग नखानं खरवडू लागला.

“कबूल,” चुलीपासून मैना म्हणाली.

“तुले कोनं इचारलं वं?”

“पाट्यालेबी सरस मीच शिजवनार हावो ना,” ती म्हणाली. “मंग मले नाही इचारनार त कोनाले?”

असं आमचं चिखलदऱ्याला जायचं ठरलं. मी बरोबर, कारण मी एकदा तिथं जाऊन आलो होतो आणि मोटारी कुठं बदलायच्या ते मला ठाऊक होतं. मैना बरोबर, कारण सरसाचं प्रमाण तिच्या हातात. रंगाची भुकटी नुसत्या पाण्यात कालवली तर वाळल्यावर कापडावरून उडून जाते. तिला धरून ठेवतो तो सरस, आणि तो किती पातळ, किती ऊन हे तिच्या बोटाला कळायचं. धर्मपालला शेजारच्या गंगूबाईंकडे ठेवलं. मैनेनं पहाटे सरस शिजवून पत्र्याच्या डब्यात भरला, डबा गोणपाटात गुंडाळला. नीळ, पिवडी, काजळी, सफेदा यांच्या पुड्या, हातभर रुंदीच्या कापडाच्या पट्ट्या, भाकरी आणि झुणका. एवढं सामान घेऊन आम्ही पहिली मोटार धरली.

परतवाड्याला उकडत होतं. घाट सुरू झाला तशी खिडकीतून गार हवा यायला लागली. मैनेनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. देवमन खिडकीला नाक लावून बसला होता. सागाचं प्रत्येक झाड तो असं पाहत होता, जणू आजवर काढलेल्या जंगलांची चूक शोधत होता.

दहाच्या सुमाराला आम्ही देवीच्या तळ्यापाशी पोचलो. आकाश धुतल्यासारखं. तळं डोंगराच्या ओंजळीत स्वस्थ पडलेलं, काठाला पिवळी रानफुलं, पलीकडच्या चढावर एक गाय. देवमन काठावर उभा राहिला. मी म्हटलं, आता काहीतरी बोलेल. तो खाली वाकला, पाण्यात बोट बुडवून म्हणाला, “मास्तर, हे निळं नाही.”

“मग काय आहे?”

“पाहू द्या.”

तेवढ्यात मैनेनं डबा उघडला. डब्यात सरस खरवसासारखा घट्ट थिजला होता. काडी उभी केली तर उभी राहत होती. आम्ही वऱ्हाडची माणसं. आमच्याकडे पातेलं दिवसभर चुलीवरच असतं, सरस फार तर उन्हानं नासतो, त्याला वास सुटतो, माश्या बसतात. गार हवेनं तो असा थिजेल, हे अकरा वर्षं पडदे रंगवणाऱ्या माणसाच्या आणि रोज पातेलं ढवळणाऱ्या त्याच्या बायकोच्या मनातही आलं नव्हतं.

“आता?” देवमन म्हणाला.

“आता काय,” मैना म्हणाली. “चूल पाहा कुठं हाय ते.”

चूल होती. तळ्याच्या वळणावर एक गवती छपराचं चहाचं दुकान होतं, दुर्गाबाईचं. साठीची बाई, नऊवारीवर पुरुषी कोट, कोटाला एकच गुंडी. मैनेनं अडचण सांगितली. दुर्गाबाईनं चहाची किटली एका बाजूला सरकवली आणि डब्याला जागा दिली. पाच मिनिटांत वास उठला. बाकावर बसलेली दोन माणसं एकमेकांकडे पाहू लागली, मग त्यांनी आपापल्या कपाकडे पाहिलं, आणि अर्धा चहा टाकून ती निघून गेली.

“काय शिजवून राह्यली वं बाई?” दुर्गाबाईनं विचारलं. “जनावर मेलं काय त्याच्यात?”

“सरस हाय मावशी. रंगात टाकतेत.”

“माह्या चहात नको टाकू, म्हंजे झालं. दोन गिऱ्हाईकं त गेली.”

“आमी तिघं पिऊ ना चहा.”

“तुमी तिघं प्याच,” दुर्गाबाई म्हणाली. “नाकाले तुमच्या सवय हाय.”

सरस पातळ झाला. देवमननं रंग कालवले, पट्टी घेऊन काठाकडे धावला, आणि तळं गेलेलं होतं. खालच्या दरीतून धुकं वर आलं होतं. पाणी नाही, डोंगर नाही, गाय नाही. फक्त गायीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. आम्ही थांबलो. धुक्यात एक भोक पडलं, त्यातून पाण्याचा तुकडा दिसला, शिशासारखा. देवमननं कालवलेला रंग मातीत ओतला, नवा कालवला, भराभर पट्टी भरायला घेतली. अर्धी झाली तोवर वारा सुटला, धुकं उडालं आणि पाणी हिरवं झालं.

मग दुसरी पट्टी. तोवर रंगातला सरस पुन्हा घट्ट. मैना वाटी घेऊन चुलीकडे, चुलीवरून काठाकडे. ती पोचली की ढग. ढगाची पट्टी काढायला घेतली की सर. पावसात पट्टी पदराखाली धरून ती छपराखाली पळाली, देवमन तिथंच भिजत उभा राहून पाणी पाहत होता. पावसाच्या थेंबांनी तळ्यावर जे होत होतं, त्याला त्याच्याकडे रंगच नव्हता.

तीन वाजले. धुकं, शिशाचं पाणी, हिरवं पाणी आणि सर अशा चार पट्ट्या झाल्या होत्या, चार वेगवेगळ्या गावांतल्या तळ्यांच्या असाव्यात अशा. देवमन दुर्गाबाईच्या बाकावर येऊन बसला. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. चहाचा कप त्यानं दोन्ही हातांत धरला, प्यायला नाही.

“पाट्याच रंगवा लागतीन, मास्तर,” तो मला म्हणाला. “कोनतं काढू? एक धराले गेलो का दुसरं येते.”

मी म्हटलं, “सकाळचं छान होतं. तेच काढ.”

“ते त मी काढलंच नाही. तवा सरस थिजला होता.”

मैना चुलीपाशी डोकं खाली घालून बसली होती. तिनं कबूल म्हटलेलं तिला आठवत असणार.

दुर्गाबाईनं विचारलं, “कोनतं तळं पाहायले आले होते तुमी?”

“हेच,” देवमन म्हणाला.

“हेच म्हंजे सकायचं का दुपारचं? मी बावीस वर्षं इथं चहा विकून राह्यली. मले अजून सारखं दोनदा नाही दिसलं ते.”

“मंग त्यातलं खरं कोनतं वाटते तुमाले?”

“गिऱ्हाईक येते त्या टायमाचं,” दुर्गाबाई म्हणाली. “चहा पी. थंडा करून राह्यला.”

देवमन हसला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं हसू. चहा प्याला आणि उरलेली एक पट्टी घेऊन पुन्हा काठावर गेला. पश्चिमेला ढगांच्या खालून सूर्य निघाला होता. पाण्याच्या अर्ध्या भागावर तांब्याचा उजेड आणि अर्ध्यावर अजून सावली. यावेळी त्यानं घाई केली नाही. मैनेनं वाटी आपल्या पोटाशी धरली होती, पदरात, उबेत. सरस थिजला नाही.

मोटारीचा भोंगा ऐकला तेव्हा आम्ही धावत सुटलो. मोटार भरलेली. पट्ट्या ओल्या. कंडक्टर म्हणाला, “ओलं कापड गाडीत नाही घेनार. लोकांचे कपडे खराब होतेत.”

“वरती बांधू?” मी विचारलं.

“वरती पाऊस लागन,” मैना म्हणाली, आणि तिनं कोणाला काही न विचारता एक पट्टी पहिल्या बाकावरच्या आजोबांच्या हातात दिली. ते मोर्शीकडचे, मांडीवर संत्र्यांची करंडी घेऊन बसलेले. “काका, वरच्या कोपऱ्याले धरा जी. आंगाले नका लागू देऊ.” आजोबांनी करंडी पायाशी ठेवली आणि पट्टी धरली. एकानं धरल्यावर बाकीच्यांना लाज वाटली असेल, किंवा मौज. पाच माणसांनी पाच पट्ट्या धरल्या आणि मोटार घाट उतरू लागली.

देवमन पुढं ड्रायव्हरच्या पाठीशी उभा होता, तोंड मागे करून. त्याच्यासमोर वळणावळणाला पाच तळी हलत होती. तो पाहत राहिला. मग म्हणाला, “काका, तुमचं धुकं जरा त्या बाईपाशी द्या.”

“काय देऊ?”

“ते पांढरं कापड. आन् तिच्या हातातलं ऊन तुमी घ्या.”

पट्ट्यांची अदलाबदल झाली. एक जण म्हणाला, “आमचा पाऊस कोनी घेते का? हात अवघडला.” मोटारीत हशा पिकला. कंडक्टर म्हणाला, “ओ पेंटर, खाली बसा. पडसान त मलेच जवाब द्या लागन.”

देवमन बसला नाही. आता डावीकडे धुकं, मग शिशाचं पाणी, मग सर, मग हिरवं, आणि शेवटी उजवीकडे तांब्याचा उजेड. तो दांडी धरून माझ्याकडे वाकला. “एकच हाय मास्तर,” तो म्हणाला. “मी उगाच पाच समजून राह्यलो होतो.”

गोदामात पुढचे अठरा दिवस त्यानं कोणाला आत येऊ दिलं नाही. उत्तमराव रोज दारापर्यंत येत, सरसाचा वास घेत आणि परत जात. मी एकदा विचारलं, “आत डोकावत का नाही?” ते म्हणाले, “पाह्यलं त बोलीन. बोललो त तो ऐकन. मंग ते माहंच होऊन जाईन.”

दिवाळीनंतर पडदा अकोल्याला नेला. नाट्यगृहात अजून चुन्याचा वास होता, खुर्च्या लागायच्या होत्या. दोरांवरचा माणूस नत्थुजी. त्यानं पडदा टांगला, दांडी सोडली, आणि तळं हळूहळू उलगडत खाली आलं. डाव्या टोकाला डोंगर धुक्यात विरघळलेला, कुठं संपतो ते कळू नये असा. मध्ये सर, तिरकी, जेमतेम दिसणारी. उजव्या टोकाला उतरतं ऊन. आणि पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच, कुठंही सांधा नाही.

वकीलसाहेबांनी चष्मा वर-खाली केला. उत्तमराव भिंतीला टेकले होते. मैना माझ्या शेजारी उभी होती, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती.

“पेंटर,” वकील म्हणाले, “हात उत्तम आहे. पण एक शंका. एकाच तळ्यावर, एकाच वेळी धुकं, पाऊस आणि ऊन? असं असतं का?”

देवमन मैनेकडे पाहत नव्हता, माझ्याकडेही नाही. तो म्हणाला, “एका वेळी नसते, साहेब.”

“मग चुकलंच की.”

“नाटकात तळ्याचा परवेश पाऊन तास चालते. तेवढ्या टायमात ते सारखं राहत नाही. मी दिवसभर पाहून आलो. नट इकडून आला आन् तिकडं गेला, त तेवढी वेळ त्याच्या अंगावरून जाईन. उभा राहून नका पाहू, साहेब. चालून पाहा.”

कमिटीतले एक गृहस्थ हसले. वकील हसले नाहीत. ते रंगमंचाच्या पायऱ्या चढले आणि डाव्या टोकापासून पडद्यापुढून चालू लागले, हात पाठीमागे, कोर्टात चालतात तसे. धुक्यापाशी ते थांबले आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं गळ्याशी ओढून घेतलं. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. सरीपाशी पावलं जरा उचलली गेली. उजव्या टोकाला पोचल्यावर त्यांनी उपरणं सैल केलं, वळून सगळं पुन्हा पाहिलं, आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, “राहू द्या. हाच राहू द्या.”

मैनेनं पदराचं टोक सोडलं. तिच्या बोटावर वळ उमटले होते.

उत्तमराव भिंतीपासून निघाले. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक बारीक ब्रश होता. तीस वर्षं त्यांनी फक्त नाव टाकायला वापरलेला, दुसऱ्या कोणाला कधी हात लावू न दिलेला. तो त्यांनी देवमनपुढं धरला. “घे. आन् खालून एक बोट सोडून लिही. नाही त गुंडाळताना दांडीत जाते.”

देवमननं ब्रश घेतला. सफेद्याची वाटी उत्तमरावांनीच धरली. त्यांचा हात थरथरत होता, वाटी हिंदकळत होती, तेव्हा मैनेनं खालून आपला तळवा लावला. देवमन पडद्याच्या उजव्या कोपऱ्याशी उकिडवा बसला. एवढं मोठं तळं रंगवताना न कापलेला त्याचा हात पहिल्या अक्षराशी बराच वेळ थांबला. मग त्यानं लिहिलं, सही करायचा तसंच, एकेक अक्षर जपून. ‘पेंटर देवमन पुंजाजी तायडे, अमरावती’.

“लय लंबं झालं,” उत्तमराव म्हणाले. “माहं कसं दोन शब्दांत बसे.”

“बसू द्या ना लंबं,” मैना म्हणाली. “पडदा कुठं लहान हाय?”

तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, “यात पुंजाजी कुठं हाय, धर्मपालचे बाबा?” देवमननं ब्रशाच्या मागच्या टोकानं दाखवलं. सासऱ्याचं नाव तिनं निरखून पाहिलं. आयुष्यभर लोकांची शेतं निंदणारा म्हातारा, त्याला आता अकोल्याच्या नाट्यगृहात उन्हाच्या बाजूला जागा मिळाली होती.

वकील कधीचेच निघून गेले होते. बाहेर चुना मारणारी माणसं शिडी घेऊन आली. पडद्यावर शिंतोडे उडायला नकोत म्हणून नत्थुजीनं तो गुंडाळून वर घ्यायचं ठरवलं, दोन गड्यांना हाक मारली आणि ते खालची दांडी धरायला वाकले. देवमन अजून तसाच उकिडवा बसला होता. त्यानं मान वर करून, एरवी बोलायचा तशाच हळू आवाजात, त्यांना सांगितलं, “थांबा जी दहा मिनिटं. नाव ओलं हाय अजून.”